चिमाजी अप्पा आणि वसईची पाच चर्च

कुंभवलीहून तारापूरच्या किनाऱ्याकडे निघाले की औद्योगिक वसाहतीची धुराडी मागे पडतात आणि काही मैलांतच जुन्या किल्ल्याचे बुरूज दृष्टीस पडतात. कारखान्यांच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतून आलेली अनेक कॅथलिक कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. परक्या मुलखात आपल्या सणाची मिरवणूक रस्त्याने काढावी काय, काढल्यास शेजारी काय म्हणतील, असा प्रश्न अशा कुटुंबांना पडतोच. हा किल्ला ज्यांनी जिंकला त्या चिमाजी अप्पांपुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला होता. मुलूख आपल्या हाती आला, आता पराभूतांच्या धर्माला त्यात किती जागा द्यावी?

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे चिरंजीव आणि थोरल्या बाजीरावांचे बंधू. त्यांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा. बंधूंच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव काहीसे झाकोळले गेले, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. १७२८ साली माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तेव्हाही सैन्याचे नेतृत्व त्यांच्याचकडे होते. प्रकृती मात्र नाजूक. खोकल्याने त्यांना आयुष्यभर पिडले. पहिली पत्नी रखमाबाई १७३० साली वारल्या. त्यांचा पोरका मुलगा सदाशिव हाच पुढे पानिपतावर पडलेला भाऊ.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. आपल्या पूर्वजांना श्रद्धेचे दान याच काळात मिळाले, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. परंतु त्याच राजवटीत हिंदूंना आपली लग्ने, व्रते आणि उत्सव उघडपणे करण्यास बंदी होती, देवळे पाडली गेली होती आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा धाक इथवर पोहोचत होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे मदतीसाठी खेटे घालत राहिले ते उगीच नव्हे. १७३७ साली मोहीम सुरू झाली आणि ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली. उत्तरेकडील किनारा घेण्यास मात्र आणखी दोन वर्षे लागली.

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांनी माहीम घेतले आणि पाठोपाठ तारापूरच्या तटाला सुरुंग लावले. ही लढाई फार निकराची झाली. पेशवे घराण्याच्या जिव्हाळ्यातले बाजी भिवराव येथेच कामी आले. त्यानंतर वसईचा वेढा. दलदल, समुद्र आणि तोफा यांना तोंड देत मराठ्यांची सुमारे ५,००० माणसे पडली. इतके रक्त सांडल्यावर विजेत्याने सूड घेतला असता तर त्या काळाच्या रीतीत ते विलक्षण ठरले नसते.

१६ मे १७३९ रोजी तहाची कलमे ठरली. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांनिशी, निशाण व वाद्यांसह बाहेर पडू दिले गेले. ज्यांना जायचे होते त्यांना मालमत्तेसह जाण्याची मुदत मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली आणि वसई शहरात तीन, परगण्यात एक व साष्टीत एक अशी पाच चर्च त्यांच्याकडे ठेवण्यात आली.

पाचच! एवढ्या मोठ्या प्रदेशातील चर्च व मठांच्या मानाने हा आकडा अगदी लहान. उरलेल्या घंटा उतरवून भीमाशंकर, नाशिक, मेणवली अशा ठिकाणच्या देवळांत नेल्या गेल्या. त्या तेथे आजही दिसतात. पुढे ख्रिस्ती लोकांना शुद्ध करून घेण्याचे प्रयत्नही झाले. तेव्हा हे औदार्य मर्यादित होते, आणि ते वाटाघाटीच्या मेजावर ठरले होते, हे आम्ही नाकारत नाही. तरीही मोठमोठ्या संघांचे युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर गोव्याकडील देशी धर्मगुरू या भागात राहिले, आणि मराठी अंमलाने त्यांना राहू दिले. आपली श्रद्धा टिकली त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची नावे मात्र आपण क्वचितच घेतो.

चिमाजी अप्पांना हा विजय फार काळ पाहता आला नाही. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पांनीही देह ठेवला. वय अवघे तेहतीस-चौतीस. वसईच्या किल्ल्यात आज त्यांचे स्मारक उभे आहे. त्याच किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंतीही आहेत, आणि दोन्हींकडे आपल्या मंडळींचे पाय वळतात.

तहाला एकवीस वर्षे झाल्यावर, १७६० साली, पारशी धर्मग्रंथांचा शोध घेत हिंदुस्थानात आलेला द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीत आला. ठाण्याच्या चर्चमध्ये तेव्हा सण होता. तो गोव्यासारख्याच थाटाने साजरा होत असल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे. मराठ्यांच्या राज्यात, हजारो ख्रिस्ती माणसे सणाचे कपडे घालून कोणाच्याही भयावाचून भर रस्त्याने चर्चकडे जात होती आणि परतत होती.