बालोद्यानाचे जनक फ्रोबेल

पावसाळ्यांत नीरा नदी दुथडी भरून वाहूं लागली कीं सारोळ्याच्या घराघरांत जुन्या वह्यांचीं पानें निघतात आणि अंगणांतल्या पाण्यावर कागदी होड्या डोलूं लागतात. कित्येक आईबापांस हा कागदाचा नाश वाटतो. परंतु लहान मुलांच्या अशा खेळांस शिक्षणांत मानाचें स्थान मिळावें म्हणून एका सत्पुरुषानें आपलें आयुष्य वेंचलें. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनींतील ओबरवाइसबाख या खेड्यांत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. बाळ नऊ महिन्यांचें होतें न होतें तोंच आई देवाघरीं गेली. वडिलांस मंडळीच्या कामांतून उसंत नसे, आणि सावत्र आईस स्वतःचें मूल झाल्यावर या पोरक्या मुलाकडे तिचें लक्ष राहिलें नाहीं. दहाव्या वर्षीं मामांनीं त्यास आपल्या घरीं नेलें, तेव्हां कोठें त्यास मायेचा ओलावा मिळाला. ज्यास स्वतःला आईची मांडी लाभली नाहीं, त्यानेंच पुढें ती मुलाची पहिली शाळा होय हें जगास पटवून दिलें.

तारुण्यांत त्यांनीं वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली. येना येथील विद्यापीठांत शिकत असतां कर्ज न फिटल्यामुळें त्यांस नऊ आठवडे कोठडींत काढावे लागले. १८०५ सालीं फ्रांकफुर्ट येथें ते शिक्षक झाले आणि त्यांस आपला मार्ग सांपडला. पुढें दोन वर्षें ते स्वित्झर्लंडांत पेस्टालॉझी या थोर शिक्षकाजवळ राहिले. नंतर बर्लिन येथें स्फटिकांचा अभ्यास करीत असतां, साध्या आकारांतूनच सृष्टीचे नानाविध आकार घडतात, हें त्यांच्या मनावर ठसलें.

१८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यांनीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तीस किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. चेंडू व ठोकळे यांच्या जोडीला तेथें कागदाच्या घड्या घालण्याचा उद्योगही असे. चौरस कागदाचीं समोरासमोरचीं टोकें जुळविलीं कीं त्रिकोण होतो. चारही कोपरे मध्यबिंदूवर आणले कीं निम्म्या क्षेत्रफळाचा चौरस होतो. कात्री नको, खळ नको. त्याच कागदांतून मुलानें नित्याच्या वस्तु कराव्या, सुंदर आकृति रचाव्या, आणि खेळतां खेळतां भूमितीची ओळख करून घ्यावी. पहिली कड नीट जुळली नाहीं तर पुढची प्रत्येक घडी वांकडी जाते. नेटकेपणाचा हा धडा मुलास छडीवांचून मिळतो.

परंतु त्यांच्या कार्याचा शेवट दुःखांत झाला. पुतण्याच्या राजकीय लेखनाशीं त्यांच्या नांवाची गल्लत होऊन १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. २१ जून १८५२ रोजीं फ्रोबेल निवर्तले, तेव्हां ती बंदी कायमच होती. ती १८६० सालीं उठली, आणि त्यांचें उद्यान देशोदेशीं फुललें. मद्रासेस टी. सुंदर राव यांनीं कागदी घड्यांनीं भूमिती शिकविणारा ग्रंथ १८९३ सालीं प्रसिद्ध केला. त्याची कल्पना त्यांस बालोद्यानांतील याच घड्यांवरून सुचली होती. आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडी सुरू करून बालशिक्षण खेड्यापर्यंत नेलें.

आईबापांस आमची एवढीच विनंति आहे. रात्रीचें जेवण आटोपल्यावर घटकाभर मुलाजवळ बसावें आणि वहीच्या कोऱ्या पानाचा चौरस करून त्याच्या हातीं द्यावा. पहिली होडी वांकडी होईल. ती हिसकावून नीट करूं नये. त्याच्या हातांनींच घडी उलगडूं द्यावी व पुन्हां घालूं द्यावी. कागद थोडा खर्च होईल खरा, परंतु फ्रोबेल यांस बाळपणीं जें मिळालें नाहीं, तें आपल्या मुलास मिळेल.