झरे कोणाचे?

हेलन स्टुअर्ट (1854-1926) हिला लास वेगासची पहिली स्त्री म्हणून गौरवतात. 1884 मध्ये नवऱ्याला गोळ्या घालून मारले, आरोपी सुटले. चार मुले पदरात, पाचवे पोटात. तरीही या बाईने नेवाडाच्या वाळवंटातले रान व झरे राखले. 1902 मध्ये सुमारे 1,800 एकर जमीन पाण्याच्या हक्कासह सिनेटर क्लार्कच्या रेल्वेला 55,000 डॉलरला विकली. वाफेच्या इंजिनाला पाणी हवे होते! 15 मे 1905 रोजी त्याच जमिनीचे प्लॉट लिलावात निघाले, शहर वसले.

पण या झऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या पायूट आदिवासींचे काय? सौद्यात त्यांना स्थान नव्हते. 1911 मध्ये हेलनने त्यांच्या वस्तीसाठी 10 एकर दिले, सरकारकडून 500 डॉलर घेऊन.