न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : न्यायासन आणि विद्याव्यासंग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात जे विद्वान न्यायाधीश होऊन गेले, त्यांत महादेव गोविंद रानडे यांचे नाव स्वाभाविकपणेच अग्रभागी घेतले जाते. त्या तेजापुढे ज्यांची स्मृती काहीशी मागे पडली, परंतु ज्यांचे कार्य भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास आजही टाळता येणार नाही, अशा पुरुषांत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची गणना करावी लागेल. अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कायदा, संस्कृत विद्या, राजकारण आणि शिक्षण या चारही क्षेत्रांत जे केले, ते त्या काळाच्या मानानेही विलक्षणच म्हटले पाहिजे.

तेलंगांचा जन्म मुंबईत 30 ऑगस्ट 1850 रोजी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले होते. एल्फिन्स्टन विद्यालय व महाविद्यालय यांतून शिक्षण घेऊन एम. ए. व एलएल. बी. या पदव्या त्यांनी विशीच्या आसपासच संपादन केल्या आणि 1872 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणारा आणि त्याच वेळी इंग्रजी न्यायशास्त्रात मुरलेला असा वकील त्या काळी दुर्मीळ होता. हिंदू धर्मशास्त्राच्या खटल्यांत बहुतेक न्यायाधीश व वकील भाषांतरांवर विसंबून राहत. तेलंग मात्र मिताक्षरा व व्यवहारमयूख यांच्या मूळ वचनांपर्यंत जात. त्यांच्या पुढील कीर्तीचा पाया हाच होय.

वकिलीच्या या प्रारंभीच्या वर्षांतच त्यांची लेखणी युरोपीय पंडितांशी वाद करू लागली होती. रामायणाची कथा होमरच्या काव्यावरून घेतली असावी, असे अनुमान जर्मन पंडित वेबर यांनी मांडले होते. 1873 मध्ये तेलंगांनी त्याचा साधार प्रतिवाद केला. भगवद्गीतेवर ख्रिस्ती धर्मग्रंथाचा प्रभाव आहे, या लोरिन्सर यांच्या मताचे खंडन त्यांनी 1875 मधील आपल्या पद्यानुवादाच्या प्रस्तावनेत केले. पुढे मॅक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या प्राच्य धर्मग्रंथमालेचा आठवा खंड 1882 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचे तेलंगकृत इंग्रजी गद्य भाषांतर आहे. भर्तृहरीची शतके आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्याही अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. त्यांचे काही कालनिर्णय पुढील संशोधनाने मागे पडले. परंतु पुराव्याची छाननी वकिलाच्या काटेकोरपणाने आणि प्रतिपक्षाविषयी आदर राखून करावयाची, हा त्यांचा दंडक मात्र मागे पडलेला नाही.

मातृभाषेकडेही त्यांचे दुर्लक्ष नव्हते. धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कार करणारे लेसिंगचे जर्मन नाटक त्यांनी ‘शहाणा नेथन’ या नावाने मराठीत आणले. मराठी बखरींतून सामाजिक इतिहासाची सामग्री वेचणारा त्यांचा निबंध रानडे यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथास जोडला. राजदरबाराच्या हकिकती म्हणून वाचल्या जाणाऱ्या बखरींना लोकजीवनाचा पुरावा म्हणून मान्यता मिळवून देण्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे.

सार्वजनिक जीवनात 1882 च्या शिक्षण आयोगाचे सदस्य, प्रांतिक कायदे मंडळाचे सभासद, 1885 मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनचे एक संस्थापक आणि राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या काळातील एक प्रमुख कार्यकर्ते, अशा विविध नात्यांनी ते वावरले. 1889 मध्ये त्यांची उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. त्या काळी धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे कन्नड मुलूखही मुंबईच्या अधिकारकक्षेत असल्याने कृष्णेच्या दोन्ही तीरांवरील कुटुंबांचे वारसाहक्क या न्यायालयात ठरत असत.

आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा पूर्णपीठापुढील खटला त्यांच्या न्यायदृष्टीचा उत्तम नमुना होय. पिता आपल्या भावांसह एकत्र राहत असताना त्याच्या संमतीवाचून पुत्रास वाटणी मागता येईल काय, असा प्रश्न होता. बहुमताने त्याचे उत्तर नकारार्थी दिले. तेलंगांनी भिन्न मत नोंदविले. पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हे मिताक्षरेचे तत्त्व एकदा मान्य केल्यावर त्या हक्काला पित्याच्या इच्छेची मर्यादा घालणे त्यांना सुसंगत वाटले नाही. मुंबई प्रांतात बहुमताचा नियम दीर्घकाळ टिकला. अन्य प्रांतांनी मात्र पुत्राचा हक्क स्वीकारला. एकाकी मताला न्यायदानात काय स्थान असते, याचे हे उदाहरण अभ्यासनीय आहे.

परंतु या चरित्राचा एक भाग असा आहे, की जो गौरवाच्या भरात झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही. बालपणी झालेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. तथापि स्वतःच्या कन्येचा विवाह त्यांनी बालवयातच लावला. सुधारकांना हा आघात वाटला, तर विरोधकांना आयते शस्त्र मिळाले. सुधारणेने सर्वांत कमी विरोधाच्या मार्गाने जावे, असे प्रतिपादन त्यांनी 1886 मध्येच केले होते. घरच्या मंडळींच्या भावनांपुढे नमताना ते त्याच मार्गाने गेले, असे म्हणता येईल. परंतु त्या तत्त्वाची किंमत येथे एका बालिकेने मोजली. न्यायासनावर बहुमताविरुद्ध उभा राहणारा पुरुष माजघरात एकटा उभा राहू शकला नाही. या विसंगतीने त्यांची विद्वत्ता उणी होत नाही. मात्र विचार आणि आचार यांतील अंतर त्या पिढीला किती जड गेले, हे तिच्यावाचून कळणारही नाही.

1892 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्याच सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले भारतीय अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. हे दोन्ही सन्मान त्यांना फार काळ भूषविता आले नाहीत. 1 सप्टेंबर 1893 रोजी त्यांचे निधन झाले आणि उच्च न्यायालयातील त्यांच्या रिक्त जागी रानडे यांची नियुक्ती झाली.

तेलंगांनी स्वतंत्र संप्रदाय स्थापन केला नाही वा मोठा शिष्यवर्गही मागे ठेवला नाही. मागे राहिली ती ग्रंथाच्या मूळ पाठापर्यंत जाण्याची शिस्त. निवाडा असो वा पाठचिकित्सा, दुसऱ्याच्या भाषांतरावर भिस्त न ठेवता मूळ शब्दास स्वतः भिडावे, हा त्यांचा वारसा भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी कृतज्ञतेने जपावा असाच आहे.