बालकांचा कैवारी : डॉ. विलेम डिके

अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. पण ज्या अन्नावर जग पोसले जाते, तेच एखाद्या बालकाच्या जिवावर उठते, हे मानायला मन तयार होत नाही. जगाला ही गोष्ट पटवून देणारे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम कारेल डिके यांचे चरित्र मी कला शाखेची विद्यार्थिनी असूनही मुद्दाम वाचले. त्याचे कारण पुढे येईलच.

डिके यांचा जन्म १९०५ साली डोर्ड्रेख्ट येथे झाला. १९३६ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ते हेग येथील जुलियाना बाल रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. त्या काळी सीलिअ‍ॅक रोगाने मुले खंगून जात. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, सतत जुलाब, चिडचिड आणि खुंटलेली वाढ! लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या रोगाचे वर्णन करून आहार हाच उपाय असल्याचे सांगितले होते. पण पथ्य नेमके कशाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत तर अशा मुलांना केळ्यांवर ठेवीत.

पाव बंद केला की मूल सुधारते आणि पुन्हा दिला की खालावते, हे डिके यांच्या लक्षात येऊ लागले. १९४१ साली त्यांनी गव्हाविना आहारावर लेख लिहिला. पुढे १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा आला. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. पाव दुर्मीळ झाला, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारली, असे सांगतात. पण डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. युद्धानंतर व्हायर्स व व्हान दे कामर या सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांच्या मलातील चरबी मोजून पुरावा गोळा केला. १९५० साली त्यांचा प्रबंध युट्रेख्ट विद्यापीठात मान्य झाला. खरा दोषी गव्हातील ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, हे लवकरच सिद्ध झाले. १९६२ साली डिके यांचे निधन झाले.

ग्लुटेनमुळे या मुलांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतील मखमलीसारखे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. गहू, जव व राय जन्मभर वर्ज्य करणे, हाच आजही उपाय आहे.

आता कारण सांगते. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हाच रोग आहे. आमच्या आजीच्या काळी पोळी फक्त सणाला होई. त्यामुळे गहू म्हणजे बरे दिवस, हे आमच्या मनात पक्के बसले आहे. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक जण प्रेमाने त्या पोराला एकच पुरी खायचा आग्रह करतो आणि नको म्हणणारी आई सर्वांना निर्दय वाटते. गिरणीत गव्हावर दळलेले पीठ चालत नाही, म्हणून ती ज्वारी घरच्या जात्यावर दळते. त्यालाही लोक हसतात.

मित्रहो, ज्या भाकरीचा डबा कॉलेजात उघडताना आपण संकोचतो, ती ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी या बालकांचे जीवन आहे. एका घासाने काय होते, असे आपण सहज म्हणून जातो. त्या घासाने काय होते, हे शोधण्यात डिके यांनी आयुष्य वेचले. पंगतीत आग्रह करण्यापूर्वी आपण एवढे जरी आठवले, तरी त्या माउलीचे ओझे हलके होईल.

(द्वितीय वर्ष कला)