दिवाण सर टी. माधवराव

लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखलेला असतो. एखाद्या योजनेचा पैसा कोठे खर्च झाला, एखाद्या अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कोठवर आली, असे प्रश्न खासदार विचारतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते, अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामुळे तर सामान्य नागरिकही सरकारी कार्यालयाकडे अर्ज करून माहिती मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशात यांपैकी काहीच नव्हते. संस्थानात राजा आणि त्याचे कारभारी, ब्रिटिश मुलखात गव्हर्नर आणि त्यांचे कलेक्टर. त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क रयतेला नव्हता. त्या काळात संस्थानाच्या कारभाराचा हिशेब दरसाल छापून काढणारा आणि अधिकाऱ्यांच्या वर्तनाला नियमांची चौकट घालणारा एक मराठी भाषक दिवाण तंजावरच्या मुलखातून पुढे आला. त्यांचे नाव सर टी. माधवराव.

नावाच्या आरंभीचे टी. हे अक्षर तंजावरचे. दक्षिणेत गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर नावाआधी लावण्याची रीत आहे, ती तेथील मराठी घराण्यांनीही उचलली. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांच्यामागोमाग लेखणी आणि तलवार चालवणारी अनेक कुटुंबे कावेरीच्या काठी येऊन राहिली. दरबारचे दप्तर मोडी लिपीत चाले. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि पुढे कंपनी सरकारचा अंमल आल्यावर कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणारा एक कारकून आणि मुत्सद्दी वर्ग तेथे तयार झाला. माधवरावांचे देशस्थ घराणे याच वर्गातले.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम् येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानचे दिवाण झाले होते. म्हणजे राज्यकारभार हा त्यांच्या घरातील रोजच्या बोलण्याचा विषय असला पाहिजे. १८४१ मध्ये मद्रासचे सरकारी हायस्कूल सुरू झाले आणि माधवराव त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होते. ईअर बर्टन पॉवेल नावाच्या इंग्रज शिक्षकाने त्यांना गणित शिकवले. १८४६ मध्ये ते मोठ्या सन्मानाने उत्तीर्ण झाले, काही काळ त्याच शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि नंतर मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. गणिताची गोडी आणि हिशेबाच्या वह्या यांचा हा मेळ त्यांना जन्मभर उपयोगी पडला.

१८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. सुमारे चार वर्षे हे काम केल्यानंतर ते महसूल खात्यात गेले आणि चढत चढत दिवाण पेशकार, म्हणजे एका विभागाचे मुख्य अधिकारी झाले.

त्या वेळी संस्थानची स्थिती शोचनीय होती. १८०५ च्या तहानुसार कंपनी सरकारला दरसाल सुमारे आठ लाख रुपये द्यावे लागत आणि ते थकले होते. नोकरांचे पगार वेळेवर होत नव्हते. मिरी आणि तंबाखू यांचा व्यापार सरकारने आपल्या मुठीत ठेवला होता. पिकवणाऱ्याने आपला माल सरकार ठरवील त्या दराने सरकारलाच विकावा, असा नियम होता. ज्या नोकराला पगार पुरत नाही किंवा मिळतच नाही, तो रयतेकडून वसूल करतो. मक्ता जेथे असतो तेथे चोरटा व्यापार आणि त्याकडे डोळेझाक करण्याची लाचही असते. १८५५ मध्ये मद्रास सरकारने महाराजांना इशारा दिला, की कारभार सुधारला नाही तर संस्थान खालसा होईल. हा इशारा पोकळ नव्हता. त्याच वर्षी तंजावरचे शेवटचे मराठा राजे दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य बुडवले होते. आपल्या जन्मभूमीतील सिंहासन संपलेले माधवराव पाहत होते, आणि ज्या राज्याची ते चाकरी करीत होते, तेही त्याच वाटेवर उभे होते.

१८५७ मध्ये दिवाण कृष्णराव वारले. त्यांच्या जागी माधवरावांची प्रथम तात्पुरती आणि पुढील वर्षी कायम नेमणूक झाली. तेव्हा ते वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर होते.

दिवाणगिरीच्या आरंभीच एक प्रकरण उभे राहिले. त्याविषयी चरित्रकार बहुधा घाईने पुढे जातात. आपण तेथे थांबू. त्रावणकोरच्या दक्षिण भागातील शाणार, म्हणजेच नाडर समाजाच्या स्त्रियांना वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे अंगभर वस्त्र घेण्याची मनाई होती. ज्या स्त्रियांनी ही मनाई झुगारली, त्यांच्यावर बाजारात हल्ले झाले, घरे जाळली गेली. डिसेंबर १८५८ मध्ये सरकारने जुनी रीत पाळावी असा जाहीरनामा काढला, आणि जानेवारी १८५९ मध्ये दंगल अधिकच भडकली. दिवाण म्हणून त्याची जबाबदारी माधवरावांवर येते. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी कडक शब्दांत जाब विचारला, तेव्हा जुलै १८५९ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला आणि या स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली. मात्र वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये, ही अट त्यातही राहिलीच. ज्या स्त्रियांवर अन्याय होत होता त्यांचा प्रश्न दरबारात मांडणारे कोणी नव्हते. तो मद्रासहून यावा लागला. हिशेबात चोख असलेला हा प्रशासक जातीच्या प्रश्नावर मात्र आपल्या काळाच्या मागेपुढेच घुटमळला, असे म्हणावे लागते.

आता त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाकडे वळू. १८६० मध्ये मिरीचा मक्ता रद्द झाला आणि पुढे तंबाखूचाही. त्यांच्या जागी ठरावीक जकात आली. १८६५ मध्ये ब्रिटिश मुलूख, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात करार होऊन सरहद्दीवरच्या बहुतेक जकाती उठल्या. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीवर मालकीहक्क मिळाला. ती विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. १८६७ च्या जाहीरनाम्याने जमीनदारांच्या कुळांनाही, ठरलेली देणी भरीत असल्यास, मनमानीने काढून टाकण्यापासून संरक्षण दिले. कंपनीची थकबाकी फिटली. सरकारी नोकरांचे पगार वाढवले गेले. तुटपुंज्या पगारावर प्रामाणिकपणा टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम निराळेच आहे. माधवरावांनी संस्थानच्या कारभाराचा वार्षिक अहवाल छापण्याची पद्धत सुरू केली. जमा किती, खर्च किती, कोणत्या खात्यावर किती, न्यायालयांत किती दावे आले आणि किती निकालात निघाले, रस्ते, कालवे, शाळा, दवाखाने यांची काय प्रगती झाली, हे सारे त्यात आकड्यांनिशी येई. संस्थानांत तोपर्यंत खजिन्याचा हिशेब ही राजाची खासगी बाब समजली जात असे. अहवाल महाराजांना आणि मद्रास सरकारला सादर होई, रयतेला नव्हे, हे खरे. पण छापलेला कागद कोणाच्याही हाती पडू शकतो. यंदाचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो आणि फरक का पडला असे विचारता येते. प्रश्न विचारण्याची मुभा नसली तरी प्रश्न विचारण्याचे साधन तयार होऊ लागले. १८६९ मध्ये तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयाची भव्य इमारत पूर्ण झाली आणि विखुरलेल्या कचेऱ्या एका छपराखाली आल्या.

१८६६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. पण राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या नोकरीला पदवीचा आधार पुरत नाही. महाराज आयिल्यम् तिरुनाळ हे माधवरावांचेच विद्यार्थी. गुरुशिष्यांत मतभेद वाढत गेले आणि १८७२ मध्ये माधवराव पद सोडून मद्रासला आले. त्यांना का जावे लागले, याचा जाब विचारणारी सभा कोठे होती?

या वेळी त्यांची आठवण दूर इंग्लंडमध्ये एका माणसाला झाली. हेन्री फॉसेट हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद तरुणपणी एका अपघातात अंध झाले होते. हिंदुस्थानच्या पैशाविषयी ते पार्लमेंटात इतक्या चिकाटीने प्रश्न विचारीत, की लोक त्यांना हिंदुस्थानचा सभासद म्हणू लागले. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये मेजवानी व नाच झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. फॉसेट यांनी त्याला विरोध केला. या फॉसेट यांनी माधवरावांच्या कारभाराची प्रशंसा केली, फ्रान्सचे सुधारक अर्थमंत्री तुर्गो यांच्याशी त्यांची तुलना केली आणि असा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात कामी का लावू नये, अशी विचारणा केली. हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी माधवरावांनी यावे, अशी सूचनाही झाली. ती त्यांनी स्वीकारली नाही. ते गेले असते, तर देशी कारभाराचा आतून अनुभव असलेल्या माणसाची साक्ष पार्लमेंटच्या दप्तरात नोंदली गेली असती.

१८७३ मध्ये तुकोजीराव होळकर यांनी त्यांना इंदूरला दिवाण म्हणून नेले. तेथील मुक्काम अवघा दोन वर्षांचा.

बडोद्याचे काम सर्वांत अवघड होते. मल्हारराव गायकवाड यांच्या राजवटीत सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या आणि रयत मात्र नागवली गेली. महसुलाचा इजारा देण्याची चाल होती. इजारदार ठरावीक रक्कम सरकारात भरी आणि शेतकऱ्याकडून जमेल तितके काढी. नोकरीत शिरताना किंवा बढती मिळवताना नजराणा द्यावा लागे. नजराणा देऊन जागा मिळवणारा तो पैसा कोठून भरून काढणार, हे सांगावयास नको. आजचे वर्तणूक नियम सरकारी नोकराने भेटी स्वीकारण्यावर बंधने घालतात, त्यामागे असाच अनुभव आहे. १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या समितीने या तक्रारींची चौकशी केली. पुढे रेसिडेंट फेअर यांना विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी मंडळातील इंग्रज आणि हिंदी सभासदांचे एकमत झाले नाही, आणि अखेर गैरकारभाराचे कारण देऊन १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले गेले. मे १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेतले. तेच पुढे महाराज सयाजीराव झाले. ते वयात येईपर्यंत कारभार माधवरावांकडे आला.

त्यांनी इजारे बंद केले, नजराण्यांना आळा घातला, सावकारांची आणि सरदारांची गुंतागुंतीची देणी तपासून मिटवली, न्यायालयांची नीट रचना केली. येथेही वार्षिक अहवाल छापला जाऊ लागला. १८८१ मध्ये त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी ग्रंथरूपाने छापली. राजाचा घरखर्च आणि राज्याचा खजिना वेगळे ठेवावेत, नेमणुका योग्यतेवर कराव्यात, खुशामत करणाऱ्या आश्रितांना कारभारात लुडबुड करू देऊ नये, तक्रारअर्ज आला तर दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि राजानेही कायद्याच्या मर्यादेत राहावे, असा त्यांचा रोख आहे. प्रजेला जाब विचारता येत नाही, तेव्हा राजाने स्वतःलाच जाब विचारावयास शिकावे, अशी जणू ती शिकवणी होती. २०२२ मध्ये ही व्याख्याने नव्याने संपादित होऊन प्रसिद्ध झाली. सयाजीरावांनी कारभार हाती घेतल्यानंतर मात्र येथेही मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवराव मद्रासला परतले.

मैलापूर येथील निवृत्तीच्या काळात ते स्त्रीशिक्षणाच्या बाजूने बोलत, वृत्तपत्रांत लिहीत. डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष होते आणि स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. कायदेमंडळात सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळावा, ही काँग्रेसची १८८५ च्या पहिल्या अधिवेशनापासूनची मागणी. पुढे कायदेमंडळांच्याच प्रश्नावर मतभेद होऊन माधवराव काँग्रेसपासून दूर झाले. कारभार छापून दाखवावा, हे त्यांना मान्य होते. पण तो तपासणारे लोकांनी निवडून द्यावेत, येथपर्यंत त्यांचे मन गेले नाही. आयुष्यभर वरून खाली पाहिलेल्या कारभाऱ्याला हे जड गेले असावे. १८८८ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा त्यांना देऊ करण्यात आली होती, ती त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव नाकारली.

४ एप्रिल १८९१ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. कायदेमंडळाच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा देणारा कायदा १८९२ मध्ये झाला. त्या हक्कावर अनेक बंधने होती, पूरक प्रश्न तर विचारताच येत नसे. तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आहे आणि तो चौक लोकांच्या बोलण्यात स्टॅच्यू याच नावाने ओळखला जातो. आपल्या मागण्या घेऊन सचिवालयावर येणारे मोर्चे त्याच रस्त्यावर जमतात.