राजा सर टी. माधवराव : चरित्र आणि सुखविचार

दैनंदिन जीवनातील राग, लोभ, भीती, समाधान इत्यादी भावनांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणे ही मानसशास्त्रातील तशी अलीकडची घटना होय. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हा तिचे लक्ष मुख्यतः संवेदनांवर आणि प्रतिक्रियेला लागणाऱ्या काळावर होते. सामान्य माणूस आपल्या आयुष्याविषयी कितपत समाधानी आहे आणि ते समाधान कशावर अवलंबून असते, हे प्रश्न विद्यापीठीय संशोधनात स्थिर होण्यास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा या विषयावरील बहुचर्चित लेख १९८४ मधील आहे. परंतु वुंटच्या समकाळातच एका मराठी मुत्सद्द्याने राज्यकारभाराच्या निमित्ताने हे प्रश्न हाताळले होते. कुंभकोणम येथे जन्मलेले राजा सर टी. माधवराव हे ते गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून ते इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे त्यांच्या सुखविचाराच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे.

माधवरावांचा जन्म १८२८ चा. त्यांच्या नावातील 'टी' हे आद्याक्षर तंजावरचे आहे. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले आणि त्या राज्याच्या आश्रयाने कावेरीच्या खोऱ्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांपैकी देशस्थ ब्राह्मण कुटुंबांची मोठी वस्ती कुंभकोणमला होती. घरात मराठी, बाजारात तमिळ, शास्त्राध्ययनात संस्कृत आणि पुढे कचेरीत इंग्रजी असा या मंडळींचा चौपदरी भाषाव्यवहार असे. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. पण त्याआधीच या घराण्यातील कर्त्या पुरुषांनी दक्षिणेतील इतर संस्थानांच्या सेवेत आपले स्थान निर्माण केले होते.

माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात, अर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली झाले. गणित व भौतिकशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय. १८४६ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर काही काळ त्यांनी त्याच संस्थेत अध्यापन केले व नंतर मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी धरली. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. त्यांच्या शिष्यांपैकी आयिल्यम तिरुनाळ तेव्हा सतरा वर्षांचे, तर विशाखम तिरुनाळ बारा वर्षांचे होते. हे दोघेही पुढे गादीवर आले. सुमारे चार वर्षांच्या अध्यापनानंतर माधवराव संस्थानच्या महसूल खात्यात गेले आणि १८५८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, दिवाणपदी कायम झाले.

त्या वेळी संस्थानची तिजोरी रिकामी होती आणि डोक्यावर कर्ज होते. माधवरावांनी मिरी व तंबाखू यांचे सरकारी मक्ते उठविले आणि १८६३ पर्यंत कर्जाचा निरास केला. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीचा हक्क दिला. १८६६ मध्ये त्रिवेंद्रमच्या महाराजांच्या शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले आणि त्याच वर्षी माधवरावांना 'सर' हा किताब मिळाला. या सुधारणांमागे एक समान सूत्र दिसते. सरकारचा मक्ता असला की शेतकऱ्याने आपला माल कोणाला व कोणत्या भावाने विकावा हे अधिकारी ठरवितो. जमिनीवरचा हक्क अनिश्चित असला की कूळ उद्याच्या धास्तीत जगते. लोकांच्या मनातील ही रोजची धास्ती कमी करणे, हाच या कारभाराचा मुख्य आशय होता असे म्हणण्यास हरकत नाही.

या सुखविचाराची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. दक्षिण त्रावणकोरात शाणार, म्हणजे आजच्या नाडार, समाजातील स्त्रियांना वरचे अंग झाकण्याचा हक्क असावा की नसावा, यावरून माधवरावांच्या कारकिर्दीच्या आरंभीच दंगली झाल्या. १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, पण वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र नेसू नये ही अट कायम राहिली. लज्जा आणि मानहानी या तर नित्याच्या जीवनातील अत्यंत तीव्र भावना. त्यांचे निवारण या जाहीरनाम्याने अर्धेच केले. मक्त्याच्या प्रश्नावर न कचरणारा दिवाण जातीच्या उंबरठ्यावर मात्र थबकला.

१८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले आणि शिष्य राजा व गुरू दिवाण असा योग जुळून आला. बारा वर्षे हा कारभार चालला. परंतु दरबारातील कारस्थानांमुळे दोघांच्या मनांत अंतर पडत गेले व १८७२ मध्ये माधवरावांना पद सोडावे लागले. ज्या राजाला त्यांनी कोवळ्या वयात शिकविले, ज्याच्या नावाने त्रावणकोरला आदर्श संस्थान ही कीर्ती मिळाली, त्याचीच मर्जी त्यांच्यावरून उतरली. माधवरावांच्या पुढील लेखनाचे मूळ या अनुभवात शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राजा सुशिक्षित असला तरी त्याचे मन कान भरणाऱ्यांच्या हाती जाऊ शकते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

इंदूर येथे तुकोजीराव होळकरांच्या पदरी १८७३ ते १८७५ अशी दोन वर्षे काढल्यावर त्यांना बडोद्याला पाचारण झाले. तेथील परिस्थिती बिकट होती. मल्हारराव गायकवाडांवर ब्रिटिश रेसिडेंटवर विषप्रयोग करविल्याचा आरोप येऊन चौकशी झाली होती आणि १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले होते. राजाच्या लहरीने राज्याची काय दशा होते, याचे उदाहरण लोकांसमोर ताजे होते. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज. कारभार माधवरावांकडे आला, तर राजपुत्राच्या शिक्षणाची व्यवस्था एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. माधवरावांनी महसूल, न्याय व पोलीस या खात्यांची घडी बसविली. १८७७ मध्ये त्यांना 'राजा' हा किताब मिळाला.

सयाजीरावांना २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार प्राप्त झाले. त्याआधी त्याच वर्षी माधवरावांनी त्यांच्यासमोर एक व्याख्यानमाला गुंफली. 'मायनर हिंट्स' या नम्र नावाने ती खाजगी वापरासाठी छापण्यात आली. शिक्षक आणि शिष्य या दोघांचीही घरची भाषा मराठी असताना हा ग्रंथ इंग्रजीत सिद्ध झाला, ही गोष्ट भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगी आहे. आपल्या राजनीतिपर गद्याच्या इतिहासात त्याला सहसा स्थान मिळत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

ग्रंथाचा पाया सरळ आहे. प्रजेचे सुख हे राज्याचे अंतिम प्रयोजन, आणि प्रत्येक आज्ञा, कर व खर्च याच कसोटीवर पारखावयाचा. बेंथम व मिल यांच्या उपयुक्ततावादाची छाया यावर स्पष्ट आहे. परंतु माधवरावांचे वैशिष्ट्य असे की, ते या तत्त्वावरून थेट राजाच्या दिनचर्येवर येतात. आहार, व्यायाम व वाचन, रागाच्या भरात निर्णय न घेणे, खुशामत आणि चुगली यांपासून दूर राहणे, अर्जदाराला नकार द्यावा लागला तर तो सौम्य शब्दांत देणे, घाईने वचन न देणे, अशा लहानलहान गोष्टी ते समजावून सांगतात. मग मनाच्या या संयमाला ते व्यवस्थेचा आधार देतात. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, न्यायालयांच्या कामात राजाने हात घालू नये, नेमणुका गुणांवर व्हाव्यात. राजाचे चित्त प्रसन्न असले तर उत्तमच, पण ते नसले तरी त्याचा भार रयतेवर पडू नये, असा त्यांचा रोख दिसतो. त्रावणकोरचा धडा येथे शास्त्ररूपाने आलेला आहे.

आपल्या परंपरेत असे लेखन अपूर्व नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मराठीत झाले. तमिळ 'तिरुक्कुरळ'मध्ये क्रोधत्यागावर आणि राजाने प्रजेला भयभीत न करण्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' मात्र १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले, त्यामुळे ते माधवरावांसमोर नव्हते. जुन्या ग्रंथांत सदाचार हा प्रायः धर्म म्हणून येतो, तर माधवराव त्याचा परिणाम पाहतात. राजाच्या एका सवयीमुळे किती माणसांचा दिवस बिघडतो, हा त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू होय.

या शिष्याशीही त्यांचे फार दिवस जमले नाही. अधिकार मिळताच तरुण महाराजांना स्वतः कारभार पाहण्याची इच्छा झाली, मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवराव बडोदे सोडून मद्रासला परतले. तथापि सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, यावरून प्रजेचे हित हे त्या व्याख्यानांचे सूत्र शिष्याच्या मनात रुजले होते असे मानता येते. गुरूवरची मर्जी ओसरली, तरी शिकवण टिकली.

मैलापूरच्या घरी माधवरावांची अखेरची वर्षे लेखन-वाचनात गेली. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. टोपणनावाने त्यांनी वृत्तपत्रांत धर्म, राजकारण, खगोल अशा नाना विषयांवर लिहिले. १८८९ मध्ये मुलांच्या संगोपनावर त्यांनी एक पुस्तिका काढली आणि तिचे मराठीसह काही देशी भाषांत अनुवाद झाले. राजपुत्रांचा शिक्षक अखेरीस सामान्य घरातील आईबापांकडे वळला, हे त्यांच्या विचाराचे स्वाभाविक पर्यवसान होते. हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे परिशीलन ते शेवटपर्यंत करीत होते. डिसेंबर १८९० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१२ पासून प्रसिद्ध होत असलेल्या जागतिक आनंद अहवालात देशोदेशींच्या समाधानाचा उलगडा करताना उत्पन्न व आयुर्मान यांच्या जोडीला सामाजिक आधार, निवडीचे स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराविषयीची लोकांची धारणा यांचाही विचार केला जातो. कारभारावरील विश्वास हा माणसाच्या रोजच्या सुखाचा घटक आहे, ही गोष्ट आता आकड्यांनी मांडली जाते. माधवरावांजवळ आकडे नव्हते. दोन शिष्यांशी झालेल्या ताटातुटीचा अनुभव होता. त्यांची व्याख्याने २०२२ मध्ये राहुल सागर यांच्या संपादनाने पुन्हा प्रकाशात आली आहेत. कावेरीकाठच्या या मराठी दिवाणाचे लेखन केवळ संस्थानी इतिहासाचे साधन नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे मन आणि ज्याच्यावर ती चालते त्याचे सुख, यांचा संबंध उलगडणारा ग्रंथ म्हणून मराठी अभ्यासकांनी त्याच्याकडे वळावे, एवढीच अपेक्षा.