ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

कापसाची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात आलेल्या शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव ठाऊक नसेल, तर समोरचा व्यापारी सांगेल तो भाव त्याला मान्य करावा लागतो. भाव कळला की मनातील शंका फिटते आणि निर्णय त्याच्या हाती येतो. शंका कमी करते ती माहिती. १९४८ साली अमेरिकेतील क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने याच कल्पनेला गणिती मोजमाप दिले व त्यावर आजचे दूरसंचारशास्त्र उभे राहिले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, आपल्या अमरावतीत शिकलेल्या एका विद्यार्थ्याने जगाची माहिती मराठी वाचकाच्या हाती देण्यासाठी आयुष्य वेचले. ते म्हणजे डॉ. केतकर.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस झाले व पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास करून १९११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीच प्रसिद्ध झाला होता. मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले.

एवढ्या विद्वत्तेवर प्राध्यापकी करून सुखाने राहता आले असते. पण केतकरांना एक गोष्ट सलत होती. इंग्रजी जाणणाऱ्याला कोणताही विषय विश्वकोशात चटकन सापडे. केवळ मराठी जाणणाऱ्याला ते दार बंद होते. म्हणून त्यांनी मराठी ज्ञानकोशाचा संकल्प केला. पाठीशी कोणी राजा नव्हता, सरकार नव्हते. त्यांनी नागपूरला ज्ञानकोश मंडळ ही कंपनी काढली, भाग विकले आणि गावोगाव फिरून आगाऊ वर्गणीदार मिळविले. पुढे हे कार्य पुण्यास हलले.

१९२० नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे असून त्यांतील पाचवा विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेला आहे. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत विषय अकारविल्हे लावलेले आहेत. बाविसावा खंड सूचीचा व तेविसावा हिंदुस्थानाविषयी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या सूचीचे महत्त्व ध्यानात घ्या. ढिगाऱ्यात पडलेली माहिती असून नसल्यासारखी असते. लावून ठेवली तरच ती कामाची. उर्दू घरांत फेहरिस्त हा शब्द नेहमीचा आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल्-नदीम याने 'अल्-फिहरिस्त' या नावानेच त्या काळच्या अरबी ग्रंथांची यादी तयार केली. त्यांतील कित्येक ग्रंथ पुढे नष्ट झाले. आज ते होऊन गेले हे कळते, ते केवळ त्या नोंदींमुळे.

केतकरांच्या पत्नी शीलावतीबाई मूळच्या एडिथ कोहन. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी पुढे सहकाऱ्यांसह 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. एका कामातून दुसऱ्या कामाची माणसे घडतात, ती अशी.

एवढे करून केतकरांना पैसा मिळाला नाही. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परंतु उत्तरायुष्य आर्थिक ओढाताणीत व मधुमेहाच्या आजारात गेले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ज्ञानकोशातील बरीच माहिती आज जुनी झाली आहे व काही मते त्या काळाची आहेत. त्यात नवल नाही. माहिती सतत तपासावी व सुधारावी लागते. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला शासनाचा मराठी विश्वकोश हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

आज हातातील फोनवर क्षणात हवे ते दिसते, पण खरे कोणते व ऐकीव कोणते हे पारखणे तेवढेच कठीण झाले आहे. म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाने काही विचारले, तर त्याला गप्प करू नका; ठाऊक नसेल तर त्याच्यासोबत ग्रंथालयात जा आणि कोश उघडा. मुलगा असो वा मुलगी, घरात उर्दू असो वा मराठी, शोधून पाहण्याची ही सवय लागली, तर बाजारात, कचेरीत वा परीक्षेत कोणी त्यांना सहज फसवू शकणार नाही.